मोरीचा विमा

ही गोष्ट १९९७ सालची. जगात त्या साली आणखीही काही घडलं असेल, पण त्या एका घरापुरतं बोलायचं तर सत्त्याण्णव म्हणजे मोरीच्या नळाचं साल. पुढे कितीतरी वर्षं त्या घरात 'त्या साली' एवढं म्हटलं की पुरे व्हायचं. मग बोलणारा गप्प बसायचा आणि ऐकणारा दुसरा विषय काढायचा.

घर तळमजल्यावरचं, रांगेतलं, चार खोल्यांचं. घरात माणसं तीन. घरमालक सरकारी वेधशाळेतून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच वाजता वारा, ऊन, पाऊस आणि हवेतला दमटपणा मोजून वहीत लिहिला होता. हुद्दा निरीक्षक, म्हणून सगळी गल्ली त्यांना निरीक्षकच म्हणे. निवृत्त झाल्यावर त्यांना मोजायला काही उरलं नाही. काही दिवस त्यांनी दूधवाला किती वाजता येतो ते लिहून पाहिलं. दूधवाल्याने घर सोडण्याची धमकी दिली, तेव्हा तेही राहिलं.

दुसऱ्या त्यांच्या पत्नी. त्यांना सगळे वहिनी म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. आणि तिसऱ्या निरीक्षकांच्या आई. आईंचा मुक्काम मागच्या खोलीत, खिडकीपाशी. खिडकी मागच्या गल्लीत उघडायची, आणि त्या गल्लीतून आईंशी चार शब्द बोलल्याशिवाय कुणी पुढे गेलेलं कुणाला आठवत नव्हतं. शिवणवाली, पोस्टमन, शाळेतून येणारी पोरं, नवऱ्याशी भांडून निघालेल्या बायका. सगळ्यांचा तिथे थांबा. चाळीस वर्षं आई त्या खिडकीत बसून होत्या. सासू-सुनेचं पटायचं नाही, हे खरं. पण ते न पटणं तेहतीस वर्षांचं, मुरलेलं होतं. त्यात आता कडवटपणा राहिला नव्हता, नुसती सवय होती.

विम्याची कल्पना शेजारच्या बँकवाल्यांची. बँकवाल्यांना तीन मुली, आणि जगातल्या बहुतेक संकटांवर त्यांच्याकडे एकेक जावई होता. दातांवर थोरला, कोर्टकचेरीवर मधला, आणि विम्यावर धाकटा. हा धाकटा जावई एका रविवारी कातडी बॅग घेऊन आला आणि म्हणाला, "काका, नळ फुटला, मोरी तुंबली, फरशी खणावी लागली, तुम्ही काही करायचं नाही. फक्त कळवायचं."

"माणसाचा विमा ऐकला होता," वहिनी म्हणाल्या. "मोरीचा विमा? उद्या केरसुणीचाही उतरवाल."

"हसू नका वहिनी," बँकवाले म्हणाले. "माणूस एकदाच जातो. मोरी पुन्हापुन्हा तुंबते."

निरीक्षकांनी अकरा पानांचा करार ओळीखाली पट्टी धरून वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका जावयाला दाखवल्या आणि सही केली. चौथ्या कलमात लिहिलं होतं की भरपाई 'आकस्मिक व अनपेक्षित' गळतीचीच मिळेल. तेही त्यांनी वाचलं आणि त्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली. वाचलं सगळं, कळलंही सगळं, फक्त ते आपल्याबद्दल लिहिलंय असं काही वाटलं नाही. विम्याचे कागद शहाणी माणसंसुद्धा असेच वाचतात.

दोन महिन्यांनी, म्हणजे शहाण्णवच्या मार्चमध्ये, मोरीतल्या नळाचा एक सांधा गळायला लागला. मोरी आणि आईंची खोली यांच्यात एकच भिंत. प्लंबरला बोलावलं. त्याला गल्लीत 'बघूया' म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं तेच उत्तर असे. तो वाकला, त्याने ठोकून पाहिलं, फरशीला कान लावला.

"वरून गळतंय ते काहीच नाही," तो म्हणाला. "खाली निचऱ्याचा पाइप तडकलाय. पाणी जमिनीत मुरतंय. मोरीपासून मागच्या गल्लीपर्यंत फरशी फोडावी लागणार."

"किती दिवसांचं काम?" वहिनींनी विचारलं.

"बघूया."

खर्चाचा आकडा मात्र त्याने बघूया न म्हणता सांगितला. पेन्शनीत बसणारी ती गोष्ट नव्हती.

"मग विमा कशाला काढलाय?" वहिनी म्हणाल्या. "उद्या सकाळी जाऊन अर्ज देऊन या."

इथे निरीक्षकांच्या हातून ती चूक झाली. दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या हातून ती झाली नसती. बँकवाले दुसऱ्या दिवशी गेले असते. वहिनी त्याच दिवशी गेल्या असत्या. निरीक्षक म्हणाले, "अगं, एका दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. उन्हाळ्यात किती गळतं, थंडीत किती गळतं, भिंतीत ओल किती चढते, हे वर्षभर बघितल्याशिवाय कंपनीपुढे काय मांडणार? आपलं हसं होईल."

आणि त्यांनी कपाटावरून वेधशाळेतलं, काठाला टवका गेलेलं, मोडीत काढलेलं मोजपात्र खाली घेतलं, धुऊन पुसून सांध्याखाली ठेवलं आणि नवी वही आखली. तारीख, वेळ, पाणी, ओलीची उंची, शेरा. एवढा उजळलेला चेहरा वहिनींनी निवृत्तीनंतर पाहिला नव्हता. म्हणून त्या त्या दिवशी जास्त बोलल्या नाहीत. पुढे त्यांनी स्वतःला सगळ्यात जास्त दोष दिला तो याच गप्प बसण्याचा.

वर्षभर सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच. त्या दोन वेळी मोरीत दुसऱ्या कुणी जायचं नाही. आंघोळीला उशीर झाला तरी नाही, पोटात कळ आली तरी नाही. एकदा पाहुणे आलेले असताना पाच वाजले. निरीक्षक मोजपात्र दोन्ही हातांत धरून दिवाणखान्यातून उजेडाकडे गेले, आणि पाहुण्यांनी चहा तसाच ठेवून निरोप घेतला. आईंच्या खोलीतल्या भिंतीवर ओल जिथवर चढेल तिथे दर सोमवारी पेन्सिलीची रेघ आणि शेजारी तारीख.

"पोराची उंची मोजावी तशी मोजतोय," आई खिडकीतून शिवणवालीला सांगत. "आणि पोर अंगाने चांगलं आहे हो. खाऊन पिऊन वाढतंय."

त्या हिवाळ्यात ओल पलंगाच्या उशापर्यंत आली आणि आईंना खोकला लागला. खोकला राहिला तो राहिलाच. डॉक्टरांनी छाती तपासली, मग भिंत तपासली, आणि भिंतीकडेच बघत म्हणाले, "आणखी एक हिवाळा या खोलीत काढायचा नाही. खोली तरी कोरडी करा, नाहीतर यांना तरी हलवा."

हलवायचं म्हणजे कुठे, तर धाकट्याकडे. निरीक्षकांचा धाकटा भाऊ गाडीने दिवसभराच्या अंतरावरच्या शहरात तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्याचं पत्र लगेच आलं. दादाने इतकी वर्षं केलं, आता आपली पाळी. आपणच मागे राहायला लाज वाटते. जागा मोठी आहे, हवेशीर आहे, खिडकीतून नुसतं आकाश दिसतं.

"आकाश तुझ्या दादाला दाखव म्हणावं," आई म्हणाल्या. "त्याला त्यात काहीतरी दिसतं. मला माणसं लागतात. मी इथून हलणार नाही."

निरीक्षकांनी हिशेब केला: ऑक्टोबरच्या आत फरशी फोडून पाइप बदलला तर आई राहणार. नाही बदलला तर जाणार, आणि गेली की जिने उतरून परत यायची नाही. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण एप्रिलात वहीला पूर्ण वर्ष झालं, तेव्हा सरासरी काढायला जो महिना घ्यायचा तो त्यांनी पंधरा दिवसांवर आणला. त्यांच्या हिशेबी ही धावपळच होती.

मग कंपनीची कचेरी सुरू झाली. पहिल्या खिडकीवर सांगितलं, अर्ज तीन प्रतींत हवा. तीन प्रती नेल्या तेव्हा दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, गळतीचा फोटो हवा. फोटोग्राफर लग्नाचे फोटो काढणारा होता. तो मोरीत शिरला, निरीक्षकांना नळाशेजारी उभं केलं आणि सवयीने म्हणाला, "जरा जवळ या. आणखी जवळ. हसा." फोटोत निरीक्षक आणि नळ अशा काही थाटात आले, की वहिनी म्हणाल्या, आमच्या लग्नातसुद्धा हे एवढे खुशीत नव्हते. फोटो नेला तेव्हा मोरी तुमचीच आहे याचा दाखला मागितला. दाखला नेला तेव्हा प्लंबरचं लेखी मत. बघूयाने खूप वेळ पेन चावून कागदावर एकच शब्द लिहिला: 'बघितलं.' खाली सही.

त्या कचेरीत एअरकंडिशनच्या नळीखाली एक बादली ठेवलेली होती. रांगेत उभ्या निरीक्षकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा बादलीकडे पाहिलं. पाळी आली तेव्हा ते कारकुनाला म्हणाले, "तासाला पाऊण लिटर. साडेतीनला भरून वाहील."

"काका," कारकून म्हणाला, "तुमची तक्रार एकाच मोरीची आहे ना?"

जुलै महिन्यात कंपनीचा सर्व्हेअर आला. चाळिशीचा, थकलेला, सभ्य माणूस. बूट दाराबाहेर काढून मोजे ओले होतील याची पर्वा न करता मोरीत उतरला. निरीक्षकांनी वही पुढे केली. सर्व्हेअरने उभ्यानेच दोन पानं चाळली, मग खुर्ची मागून घेतली आणि बसला. अर्धा तास वाचत होता. वहिनींनी चहा दिला, तो त्याने न बघता प्यायला.

"बावीस वर्षं हे काम करतोय," तो शेवटी म्हणाला. "अशी वही पाहिली नाही. एक दिवस चुकलेला नाही."

"एक दिवस तब्येत ठीक नव्हती," निरीक्षक संकोचून म्हणाले. "ते शेऱ्यात लिहिलंय. तेव्हा हिने मोजलं."

"म्हणूनच वाईट वाटतं," सर्व्हेअर म्हणाला. त्याने वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. "काका, चौथं कलम. आकस्मिक आणि अनपेक्षित. तुमची गळती सव्वा वर्ष चाललीय, हे तुम्हीच सिद्ध केलंत. वही नसती तर मी लिहिलं असतं, कधी सुरू झालं ते कळत नाही. आता कसं लिहू? तुम्ही तर पुढच्या महिन्यात किती गळेल तेही लिहून ठेवलंय."

"अंदाज आहे तो," निरीक्षक म्हणाले.

"तेच. म्हणजे अपेक्षित."

निरीक्षकांनी आपल्या परीने शेवटचा मुद्दा मांडला. "थेंब मात्र प्रत्येक अचानकच पडतो," ते म्हणाले.

सर्व्हेअर हसला नाही. बूट घालताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "हा सांधा आता विसरा. दुसऱ्या ठिकाणी, अचानक काही झालं असतं, तर गोष्ट वेगळी होती. मग खालच्या पाइपासकट सगळं उकरून कंपनीने करून दिलं असतं. पण तसं झालेलं नाही." आणि तो मागच्या गल्लीने, आईंच्या खिडकीशी चार शब्द बोलून निघून गेला.

ही बातमी गल्लीत पसरायला खिडकी समर्थ होती. संध्याकाळी बँकवाले आले.

"निरीक्षक, तुम्ही विद्वान आहात, पण व्यवहारी नाही. अहो, वही दाखवायचीच कशाला?"

"नोंद आहे ती."

"नोंद असते ती कपाटात असते! बँकेत मी चौतीस वर्षं काढली, नोंदी मला शिकवू नका. आता ऐका. एक दिवस नळ फुटू द्या. जुना आहे, फुटेलच. थोडा तुम्ही हात लावा, थोडा देव लावेल."

"मी नळ फोडू?"

"फोडा कुठे म्हणतोय मी? फुटू द्या म्हणतोय."

"बँकवाले," निरीक्षक उठून उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता. "पस्तीस वर्षं मी आभाळातून पडलं तेवढंच लिहिलं. एक थेंब माझ्या पदरचा घातला नाही."

बँकवाले गेले. जाताना दारात वहिनींना म्हणाले, "अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे कठीण आहे बाई." वहिनींनी त्यांना सांगितलं, की कठीण आहे ते आम्ही बघून घेऊ; पण दार लावल्यावर त्या बराच वेळ कडीला हात लावून उभ्या राहिल्या.

धाकट्याचं दुसरं पत्र आलं. ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला तो गाडी घेऊन येणार होता. आईंनी पत्र वाचायला लावलं, पुन्हा वाचायला लावलं, आणि काही बोलल्या नाहीत. आई बोलल्या नाहीत याची घरात कुणी दखल घेतली नाही. हवामानाचा इतका मोठा बदल, आणि निरीक्षकांच्याही नजरेतून सुटला.

सप्टेंबरातला एक मंगळवार. निरीक्षक पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, वहिनी बाजारात गेल्या होत्या. मोरीतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. एक. थोड्या वेळाने दुसरा. निरीक्षकांची मान आपोआप घड्याळाकडे वळली: दहा चाळीस. मग पाण्याचा आवाज सुरू झाला.

मोरीत आई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. वरून नळाची चिळकांडी सरळ त्यांच्या अंगावर येत होती. पांढरे केस कपाळाला चिकटलेले, लुगडं चिंब भिजलेलं, आणि मांडीवर खलातला लोखंडी बत्ता. फुटलेली जागा जुन्या सांध्यापासून चांगली दोन हात लांब होती. (बघूयाने पुढे कबूल केलं, की म्हाताऱ्या आईंनी आठ दिवसांपूर्वी त्याला खिडकीशी थांबवून विचारलं होतं, किती लांब असलं म्हणजे दुसरं ठिकाण धरतात? तो म्हणाला होता, बघूया.)

"अरे," आई पाठ केल्यासारखं म्हणाल्या, "नळ अचानक फुटला."

निरीक्षकांनी धावत जाऊन मुख्य चावी बंद केली. आईंना उचललं, कोरड्या कपड्यांत गुंडाळलं. त्या थरथरत होत्या आणि डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "दोनच टोल्यांत गेला," त्या म्हणाल्या. "तुमच्या नळांत पहिल्यासारखा दम राहिला नाही."

वहिनी आल्या, त्यांनी मोरी पाहिली, बत्ता पाहिला, सासूकडे पाहिलं. बत्ता धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला. मग सासूच्या डोक्याला तेल चोळायला बसल्या. तेहतीस वर्षांत त्या दोघी इतक्या एका बाजूला कधी आल्या नव्हत्या.

चौथ्या दिवशी तोच सर्व्हेअर आला. त्याने फुटलेला नळ पाहिला, नळावरचे दोन खोलगट ठसे पाहिले, ठशांवरून बोट फिरवलं. खिडकीत बसून खोकणाऱ्या आईंकडे पाहिलं. मग मोरीच्या छताकडे बघत म्हणाला, "नळ जुना आहे. जुने नळ फुटतात. माझ्या अहवालात मी तेवढंच लिहीन." त्याने एक कागद काढला. "फक्त नववा रकाना. 'घटना कशी घडली ते विमाधारकाने स्वहस्ते लिहावे.' एक ओळ पुरे, काका. अचानक फुटला. बस."

निरीक्षकांनी पेन उघडलं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"उद्या कचेरीत आणून देतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ते कागद घेऊन बसले. वहिनी समोर येऊन बसल्या.

"एक शब्द आहे," त्या म्हणाल्या. "अहो, एकच शब्द. आजवर मी काही मागितलं नाही तुमच्याकडे. म्हणजे मागितलं, पण मिळालं नाही, ते जाऊ दे. हा एक शब्द लिहा."

"तुला कळत नाही."

"मला एवढं कळतं, की त्या तिसऱ्या मजल्यावर त्या आठ महिने काढायच्या नाहीत."

जी गोष्ट बायकोला ठाऊक नव्हती ती अशी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, चोवीस वर्षांचे असताना, एका थंडीच्या सकाळी निरीक्षक अंथरुणातून उठलेच नव्हते. दहा वाजता जाऊन त्यांनी आठची नोंद अंदाजाने लिहिली होती. कुणाला कळलं नाही. वर्षअखेर तो आकडा सरकारी ग्रंथात छापून आला आणि मोठमोठ्या माणसांनी तो खरा मानून त्यावर पुढची गणितं केली. तो ग्रंथ अजून आहे, तो आकडाही आहे. बँकवाल्यांपुढे 'एक थेंब पदरचा घातला नाही' म्हणताना त्यांचा आवाज कापला होता तो रागाने नव्हे.

वहिनी भांडी घासायला उठल्या, तेव्हा त्यांनी लिहिलं. एका ओळीऐवजी चार झाल्या. घडी घालून पाकीट चिकटवलं आणि छत्री घेऊन निघाले.

"लिहिलंत?" वहिनींनी आतून विचारलं.

"लिहिलं," ते म्हणाले. हे खोटं नव्हतं, म्हणून म्हणता आलं.

पुढचे तीन आठवडे त्या घरात जे सुख नांदलं, ते आठवलं की अजून कसंतरी होतं. वहिनींनी मोरीच्या नव्या फरशीचा रंग ठरवला. आईंनी तो नापसंत केला. दोघींचं त्यावरून रोज सकाळी जुंपायचं, आणि दोघींचा आवाज खणखणीत लागायचा. आईंनी धाकट्याला पत्र लिहायला लावलं, की येऊ नकोस, खर्चात पडू नकोस. हे पत्र निरीक्षकांनीच लिहून घेतलं. टाकलं मात्र नाही. तीन आठवडे ते खिशात होतं. सांगावं असं रोज वाटे, आणि रोज आठ वाजत, पाच वाजत. बंद केलेल्या नळाखालचं मोजपात्र कोरडं असे.

कंपनीचं पत्र आलं, तेव्हा नेमके बँकवाले पायरीवर होते. शिक्क्याचं पत्र दिसलं की ते वाचून दाखवण्याचा आपला अधिकार आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी पाकीट फोडलं, घसा साफ केला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"'...आपण स्वहस्ते दिलेल्या निवेदनानुसार, आपल्या मातोश्री, वय ब्याऐंशी, यांनी सकाळी दहा चाळीस वाजता बत्त्याने दोन टोले मारून नळ फोडला. हेतू: याच खोलीत राहता यावे. सबब घरातील व्यक्तीने हेतुपुरस्सर...'" इथे बँकवाल्यांचा आवाज उतरला. पुढचं त्यांनी मनातल्या मनात वाचलं, पत्राची घडी घातली आणि ते निरीक्षकांच्या हातात न देता वहिनींच्या हातात दिलं. चपला घालून ते निघून गेले. जाताना सल्ला दिला नाही. असं पहिल्यांदाच झालं.

वहिनी म्हणाल्या, "तीन आठवडे मला फरशीचा रंग ठरवू दिलात."



आतल्या खोलीतून आईंची हाक आली. निरीक्षक जाऊन दारात उभे राहिले. आई खिडकीबाहेर बघत होत्या. गल्लीत त्या वेळी कुणी नव्हतं.

"ब्याऐंशी कशाला लिहिलंस?" आई म्हणाल्या. "मी सगळ्यांना एकोणऐंशी सांगते. आता सगळ्या गल्लीला कळलं. एवढं तरी आईसाठी खोटं लिहायचं होतंस."

पंधरा तारखेला धाकटा आला. ट्रंक गाडीच्या टपावर बांधली. गल्लीतल्या बायका पुढच्या दारी आल्या होत्या. आईंना पुढच्या दारातून निघताना कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्या किती बुटक्या आहेत हे बऱ्याच जणींना त्या दिवशी कळलं. शिवणवाली मोठ्याने रडली. आईंनी तिला दटावलं, "मेले नाहीये अजून. तिसऱ्या मजल्यावर चाललेय." गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली करायला लावली. वहिनींना जवळ बोलावून म्हणाल्या, "त्याला बोल लावू नकोस. आणि राखाडी रंगच घाल, तुझाच बरोबर होता." निरीक्षकांनी पाया पडायला वाकून हात आत घातला, तो दार लागताना अडकला. कुणाला फार लागलं नाही.

आई तिथे नऊ महिने जगल्या. वहिनींचा अंदाज महिन्याने चुकला. शेवटचे सात आठवडे वहिनी तिकडे जाऊन राहिल्या, जाऊबाईंशी पटत नसताना राहिल्या, आणि सगळं आटपूनच परत आल्या. धाकट्याने आईंचा पलंग गॅलरीत हलवला होता, म्हणजे खालचा रस्ता दिसेल. पण तिसऱ्या मजल्यावरून कुणाला हाक मारली तरी ती कुठून आली ते खालच्या माणसाला कळत नसे. लोक थांबत, इकडेतिकडे बघत आणि पुढे जात.

पुढच्याच वर्षी नगरपालिकेने स्वतःच्या काही कारणाने मागची गल्ली खणून सांडपाण्याची मोठी वाहिनी बदलली. तुंबलेलं पाणी उलट येत होतं ते तिथूनच, असं तेव्हा निघालं. दोन महिन्यांत आईंच्या खोलीची भिंत आपोआप सुकली. घरातली फरशी कुणाला फोडावी लागली नाही.

बघूया गुडघे धरल्यामुळे काम सोडून मुलाकडे गेला. बँकवाल्यांची बायको वारल्यावर तिन्ही जावयांनी त्यांना चार-चार महिने वाटून घेतलं. त्या घरांत त्यांचा सल्ला कुणी विचारत नाही, असं कानावर आलं. सर्व्हेअरने नोकरी सोडून नळ-पाइपांचं दुकान टाकलं. निरीक्षकांचं ते चार ओळींचं निवेदन त्याने निघताना फाइलमधून काढून नेलं म्हणतात. कशाला, ते त्यालाच ठाऊक. धाकटा अजून त्याच तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आता स्वतः जिने चढताना दर मजल्यावर थांबतो.

आईंच्या मागे निरीक्षक सहा वर्षं होते. वहिनींनी त्यांना बोल लावला नाही; सासूला शब्द दिला होता. वाढायच्या वेळी वाढलं, औषधाच्या वेळी औषध दिलं, आणि जे बोलायचं ते भिंतीशी बोलल्यासारखं बोलल्या. शेवटच्या आजारात एके दिवशी निरीक्षकांनी चोवीसाव्या वर्षीच्या त्या थंडीतल्या सकाळची गोष्ट त्यांना सांगितली. वहिनींनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "हे तेव्हा सांगितलं असतंत, तर त्या कागदावर मी लिहिलं असतं. तुमच्यासारखं अक्षर मला येतं. त्या एका दिवशीची नोंद तुमच्या वहीत माझ्याच हातची होती, अक्षर कुणाला ओळखू आलं?"

वहिनी त्या घरात एकट्या राहतात. विमा केव्हाच बंद पडला. पण कंपनीच्या कुठल्यातरी यादीत नाव राहून गेलंय, त्यामुळे दर वर्षी निरीक्षकांच्या वाढदिवसाला एक रंगीत कार्ड येतं: आपणांस उदंड आयुष्य लाभो. खाली बारीक अक्षरांत असतं, की विमाधारक हयात नसल्यास कृपया कळवावे. वहिनी ते चष्मा लावून पूर्ण वाचतात. आणि कळवत नाहीत.